रात्री उजळलेली आरास सकाळी का अडखळते? बॅटरीवरच्या मंद-तेज होणाऱ्या एलईडी सर्किटमधला नेहमीचा दोष

भाद्रपद जवळ आला की आमच्या पेठेत एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. मखरामागे लावलेले, हळूहळू उजळून हळूहळू मंदावणारे एलईडी दिवे गणपती बसतात त्या दिवशी अगदी देखणे चालतात, रात्रीच्या आरतीपर्यंत त्यांत काही उणे दिसत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी त्यांचा उजेड निम्म्यावर येतो, उजळण्या-मंदावण्याची लय उथळ आणि घाईची होते, आणि काही घरांत तर दिवे अर्धवट उजेडावर अडकून बसतात. सर्किट तासभर बंद ठेवून पुन्हा जोडले तर ते पहिल्यासारखे चालू लागते. नेमक्या याच गोष्टीमुळे बॅटरीवरचा संशय उडतो आणि तो लय ठरवणाऱ्या छोट्या चिपवर, म्हणजे टायमर आयसीवर, जाऊन बसतो. आयसी बदलला जातो. तो बदलण्यात जो वेळ जातो तेवढ्यात बॅटरीला विसावा मिळालेला असतो, त्यामुळे सर्किट चालू होते. आयसीच खराब होता अशी खात्री पटते. आणि संध्याकाळच्या आरतीला पुन्हा तेच.

एका वर्षी मी स्वतः या चकव्यात सापडून पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या बाजारात, तीन खेपा घातल्या आणि तीन आयसी बदलले. ते तिन्ही आजही माझ्या डबीत आहेत आणि तिन्ही चांगले आहेत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. या सर्किटमधला दोष बहुतेक वेळा आयसीत नसून वीज जिथून येते तिथे असतो, आणि मोकळ्या बॅटरीला मीटर लावून तो सापडत नाही. सर्किट चालू असताना, दिवे सर्वांत तेज असतात त्या क्षणी आणि थेट आयसीच्या पिनांवर मोजले, तरच तो हाती लागतो.

बॅटरीऐवजी विजेची माळच का लावू नये, असे काही जण विचारतात. मखर पुठ्ठ्याचे किंवा कागदाचे असते, समोर ओल्या दूर्वा, फुले, पंचामृताची वाटी आणि पाण्याचा तांब्या असतो, आणि लहान मुलांचे हात सतत तिथे पोहोचत असतात. अशा ठिकाणी २३० व्होल्टची वायर मला नको वाटते. शिवाय विसर्जनाला निघताना पाटाभोवतीचे दिवे तसेच सोबत नेता येतात, ही सोय बॅटरीशिवाय मिळत नाही.

बहुतेक घरांत जे सर्किट असते ते असे. एनई ५५५ हा टायमर आयसी, पिन ८ (हिला बॅटरीचे धन टोक जोडतात) आणि पिन ७ यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, पिन ७ आणि पिन ६ यांच्यामध्ये ३.३ किलोओहमचा, पिन २ व ६ एकत्र जोडून तिथून ‘जमिनीला’, म्हणजे पिन १ व बॅटरीच्या ऋण टोकाला, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर पुरवठ्याच्या एक तृतीयांशापासून दोन तृतीयांशापर्यंत भरतो आणि पुन्हा तितकाच रिकामा होतो; ९ व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे ३ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत आणि परत, साधारण अडीच सेकंदांत. त्याच बिंदूवर बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा बेस (प्रवाह कमी-जास्त करणारी पिन) जोडलेला असतो आणि एमिटरवर (प्रवाह बाहेर पडणाऱ्या पिनेवर) चार पांढरे एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा १०० ओहमचा रेझिस्टर. कपॅसिटरवरचा व्होल्टेज जसा चढतो-उतरतो तसा उजेड चढतो-उतरतो. रचना सुटसुटीत आहे, समजायला सोपी आहे आणि मुलांना शिकवायला मला ती आजही आवडते. मात्र तिच्या प्रत्येक सोपेपणाची किंमत बॅटरीला मोजावी लागते.

गेल्या खेपेला शेजारचा अकरावीतला मुलगा हेच सर्किट ब्रेडबोर्डसकट (सोल्डर न करता तारा भोकांत खोचायच्या पाटीसकट) घेऊन आला. “काका, आयसी गेलाय बहुतेक. नवीन आणू का?” मी त्याला म्हटले, “अरे, आधी तो काट्याचा मीटर काढ कपाटातून.” बॅटरी सर्किटपासून सोडवून मोजली तर ८.९ व्होल्ट भरली. “बघा, बॅटरी चांगली आहे,” असे तो लगेच म्हणाला. मग बॅटरी जोडली आणि मीटरची टोके तिच्या टोकांवरच धरून ठेवायला सांगितली. दिवे मंद असताना काटा ८.७ च्या आसपास होता. ते उजळू लागले तसा काटा खाली सरकत गेला आणि ऐन तेजाच्या क्षणी ७.१ वर आला. दिवे मंदावले की तो पुन्हा वर. दर अडीच सेकंदांनी काटा अशी मान डोलावत होता. नंतर काळे टोक पिन १ वर आणि लाल टोक पिन ८ वर धरले, तर तेज क्षणी ६.८ व्होल्टच उरत होते. बॅटरीपासून आयसीपर्यंतच्या दोन वितींच्या वाटेत आणखी ०.३ व्होल्ट गळत होते. डिजिटल मीटरवरही हे दिसते, पण तिथे आकडे नाचताना दिसतात आणि माणूस तो मीटरचा चंचलपणा समजून दुर्लक्ष करतो. काटा मात्र लपवत नाही.

त्या घसरणीचे कारण बॅटरीच्या आतला रोध. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत दीड व्होल्टचे सहा लहान सेल एकावर एक कोंबलेले असतात. ते लहान असल्यामुळे त्यांची साठवण कमी असते, चांगल्या अल्कलाइन बॅटरीची सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास आणि स्वस्त झिंक-कार्बन बॅटरीची त्याहून कमी. आतला रोध ताज्या अल्कलाइन बॅटरीत दोन-तीन ओहम असतो, पण झिंक-कार्बन बॅटरीत तो ३५ ओहमच्या घरात जातो आणि वापरासोबत वाढतच राहतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून मोकळ्या बॅटरीवर तो हा रोध दाखवू शकत नाही. चार एलईडी मिळून ५० मिलिअँपिअर ओढू लागले की ३५ ओहमवर पावणेदोन व्होल्ट पडतात, आणि त्या मुलाच्या मीटरवर आम्ही पाहिले ते हेच.

आता हे पावणेदोन व्होल्ट नुसते उजेड कमी करून थांबत नाहीत. ५५५ ची दोन तृतीयांशाची मर्यादा पुरवठ्याला बांधलेली आहे. दिवे उजळले की पुरवठा खाली येतो, पुरवठा खाली आला की मर्यादाही खाली येते, आणि चढत जाणारा कपॅसिटर ६ व्होल्टला पोहोचण्याआधीच, पावणेपाच व्होल्टच्या जवळपास, त्या उतरलेल्या मर्यादेला शिवतो. टायमर तिथूनच माघारी वळतो. एरवी प्रत्येक एलईडीत २३ मिलिअँपिअर गेले असते, तिथे ११ जातात, आणि चढाई अर्ध्यातच संपल्यामुळे लय जलद होते. उथळ उजेड आणि घाईची लय ही दोन लक्षणे एकत्र दिसली की ती बॅटरीच्या आतल्या रोधाची खूण समजावी. लय तीच राहून फक्त उजेड उतरला असेल तर बॅटरीचा व्होल्टेज खरोखर संपत आलेला असतो, कारण दोन्ही मर्यादा पुरवठ्याच्या प्रमाणातच असल्याने नुसत्या कमी व्होल्टेजने ५५५ ची लय फारशी बदलत नाही. हा फरक डोळ्यांनीच ओळखता येतो, आणि मी तो मीटरच्याही आधी पाहतो.

विसाव्यानंतर सर्किट पुन्हा का चालते, याचेही उत्तर इथेच आहे. प्रवाह सतत वाहत असताना सेलमधल्या इलेक्ट्रोडांच्या पृष्ठभागाजवळचे रसायन जितक्या वेगाने वापरले जाते तितक्या वेगाने आतून नवे तिथे पोहोचत नाही. भार काढला की ते सावकाश पसरते आणि व्होल्टेज वर येतो. ही परत आलेली शक्ती मात्र वरवरची असते. रात्रभर पडून राहिलेल्या थकलेल्या बॅटरीने सकाळी साडेआठ व्होल्ट दाखवले तरी भार पडल्यावर ती काही मिनिटांत पुन्हा बसते. अशा बॅटरीवर विसंबून आयसी बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

काही जण यावर उपाय म्हणून बॅटरीला समांतर मोठा कपॅसिटर लावतात. मंद लयीच्या या घसरणीवर त्याचा उपयोग होत नाही, आणि तो का होत नाही हे आकड्यांत पाहणे बरे. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ व्होल्टने उतरेपर्यंत ५० मिलिअँपिअरचा प्रवाह केवळ २० मिलिसेकंद पुरवू शकतो. आपले दिवे जवळजवळ एक सेकंद तेज असतात. त्या कपॅसिटरचे काम वेगळे आहे आणि तेही महत्त्वाचे आहे. ५५५ हा आयसी १९७२ साली सिग्नेटिक्स कंपनीने बाजारात आणला, त्याची रचना हान्स कामेनझिंड यांची. एनई ५५५ म्हणून आपण जो घेतो तो आजही बायपोलर तंत्राचा आहे. त्याचे आउटपुट पलटते तेव्हा निमिषमात्र वरचा आणि खालचा असे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदमच चालू राहतात आणि पुरवठ्यातून प्रवाहाचा मोठा झटका ओढला जातो. आतून रोध असलेल्या बॅटरीवर हा झटका पुरवठा हलवतो आणि दिवे तेजाच्या टोकाला किंवा मंदपणाच्या तळाला पोहोचले की थरथरतात. पिन ८ आणि पिन १ यांच्या अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याच्या जोडीला १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला की ही थरथर थांबते. सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही. मधल्या तारांच्या लांबीमुळे त्याचे काम वाया जाते. पिन ५ वरून जमिनीला १० नॅनोफॅरड आणि पिन ४ थेट पुरवठ्याला, हेही तेव्हाच पाहून घ्यावे. पिन ४ मोकळी राहिली असेल तर नुसता हात जवळ नेला तरी सर्किट मध्येच थबकू शकते.

अर्धवट उजेडावर अडकून बसणारे दिवे हा वेगळा दोष आहे, आणि पहिल्या दोषाची दुरुस्ती झाल्यावर तो अनेकदा उघडा पडतो. कपॅसिटर ६ व्होल्टजवळ आला की त्याला भरणाऱ्या वाटेवर फक्त ३ व्होल्ट उरतात, ४.३ किलोओहममधून तेव्हा ०.७ मिलिअँपिअर येतात. पण ट्रान्झिस्टरचा बेस त्याच बिंदूतून पाणी पितो. चार एलईडींना मिळून ९२ मिलिअँपिअर द्यायचे आणि ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेसमधल्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह तो पुढे देतो ते, १०० असेल तर बेसला ०.९ मिलिअँपिअर लागतील. येणे ०.७ आणि जाणे ०.९, साहजिकच कपॅसिटर ६ व्होल्टला कधी पोहोचतच नाही, मध्येच कुठेतरी येणे-जाणे सारखे झाले की तो तिथे स्थिरावतो, आणि दिवेही तिथेच स्थिरावतात. बीसी ५४७ हा ए, बी आणि सी अशा तीन गटांत मिळतो. छापील गेन २ मिलिअँपिअरवरचा असतो, आणि १०० मिलिअँपिअर या त्याच्या कमाल मर्यादेजवळ तो बराच उतरतो. सी गटाच्या ट्रान्झिस्टरवर हे सर्किट निभावते, ए गटाच्या ट्रान्झिस्टरवर अडकते. “माझ्या मित्राकडे हेच चालते, माझ्याकडे का नाही,” या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ट्रान्झिस्टरच्या पोटावर छापलेल्या त्या शेवटच्या अक्षरात असते. दुकानात मागताना आपण नुसते ‘बीसी ५४७ द्या’ म्हणतो आणि जो हाताला लागेल तो मिळतो.

अडकण्याचे आणखी एक कारण पुण्याच्या पावसाळ्यात विशेष दिसते. लय फार संथ हवी म्हणून काही जण १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरतात. वरच्या टोकाला तिथे केवळ ३ मायक्रोअँपिअर येतात, आणि साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती ३ मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते, असे त्यांचे उत्पादकच धरून चालतात. कपॅसिटर कित्येक वर्षे ड्रॉवरमध्ये पडून असेल तर सुरुवातीची गळती त्याहूनही जास्त असते. त्यात बोर्डावर सोल्डरिंगचा चिकट फ्लक्स तसाच राहिला आणि हवेत ओल असली की दोन ठिपक्यांमधूनही प्रवाह झिरपतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश यांनी बोर्डाची मागची बाजू घासून वाळवली की असे सर्किट पुन्हा हलू लागल्याचे मी पाहिले आहे. तरीही रेझिस्टर १०० किलोओहमच्या वर नेऊ नये हे उत्तम. संथपणा हवा असेल तर कपॅसिटर वाढवावा.

आता दुरुस्ती. मी जे करतो ते सांगतो. यात मतभेदाला जागा आहे, पण आकडे तपासून पाहावेत.

चौकोनी बॅटरी काढून टाकतो आणि तिच्या जागी सहा पेन्सिल सेलांचा डबा लावतो. व्होल्टेज तोच, ९ व्होल्ट. पण अल्कलाइन पेन्सिल सेलची साठवण कमी प्रवाहावर २००० मिलिअँपिअर-तासांहून अधिक असते आणि सहा ताज्या सेलांचा मिळून रोध एक-दोन ओहमच असतो. त्या मुलाचे सर्किट अशा डब्यावर लावून पाहिले तेव्हा उघड्यावर ९.३ आणि ऐन तेजाच्या क्षणी ९.१ व्होल्ट भरले. काटा जेमतेम शहारत होता. बाकी काहीही न बदलता लय सावरली. डबा मखराच्या मागे सहज लपतो, आणि त्याचे वजन हातात घेऊन पाहिले की इतकी वर्षे आपण केवढ्याशा डबीकडून हे काम करून घेत होतो ते जाणवते.

त्यानंतर उधळपट्टी थांबवायची. एनई ५५५ स्वतःपुरते ९ व्होल्टवर पाचएक मिलिअँपिअर खातो, आणि कपॅसिटर रिकामा होत असताना पिन ७ जमिनीला जोडलेली असल्याने वरच्या १ किलोओहममधून ९ मिलिअँपिअर निष्कारण वाहून जातात. टीएलसी ५५५ हा सीमॉस तंत्राचा आयसी त्याच पिनरचनेचा आहे, तो पाव मिलिअँपिअरच्या आसपास भागवतो आणि २ व्होल्टपर्यंत चालतो. तो लावतो, वरचा रेझिस्टर १० किलोओहम करतो, खालचा ३३ किलोओहम आणि कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड. लय पुन्हा अडीच सेकंदांचीच राहते; वाया जाणारा प्रवाह १ मिलिअँपिअरच्या खाली येतो. एक बीसी ५४७ पुरेसा नसल्याने त्याच्या एमिटरला बीसी ३३७ चा बेस जोडून डार्लिंग्टन जोडी करतो. दोघांच्या गेनचा गुणाकार होत असल्यामुळे कपॅसिटरकडून मागितला जाणारा प्रवाह दहाएक मायक्रोअँपिअरवर येतो, येणारा प्रवाह मात्र ७० मायक्रोअँपिअर असतो, त्यामुळे ए, बी, सी कोणताही गट असला तरी अडकण्याचा प्रश्न उरत नाही. बीसी ३३७ ला ८०० मिलिअँपिअरपर्यंत मुभा असल्याने तोही निवांत राहतो. एक लक्षात ठेवायचे, की जोडीत दोन बेस-एमिटर सांधे आल्यामुळे ०.७ ऐवजी सुमारे १.३ व्होल्ट खर्च होतात, म्हणून एलईडींचे रेझिस्टर नव्याने मोजावे लागतात.

एलईडीच्या रंगाचा निर्णय या ठिकाणी करावा लागतो, आणि माझ्या मते संपूर्ण रचनेत याच निर्णयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पांढऱ्या एलईडीला उजळायला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल किंवा पिवळ्या एलईडीला सुमारे २. ताज्या सेलांवर जोडीच्या एमिटरला कमाल ४.७ व्होल्ट मिळतात. पांढऱ्या एलईडीसाठी १.७ व्होल्ट उरतात, ८२ ओहम लावून २१ मिलिअँपिअर, लालसाठी २.७ व्होल्ट उरतात, १५० ओहम लावून १८ मिलिअँपिअर. पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच शोभतात. चार-पाच दिवसांनी प्रत्येक सेल १.२ व्होल्टवर आला, म्हणजे डबा ७.२ वर आला, की कपॅसिटरचे शिखर ४.८ वर आणि एमिटर ३.५ वर येतो. पांढऱ्यासाठी आता अर्धाच व्होल्ट उरला. प्रवाह ६ मिलिअँपिअर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी. लालमध्ये दीड व्होल्ट उरतो आणि १० मिलिअँपिअर जातात. डोळा प्रकाशातला बदल प्रमाणात मोजत असल्याने निम्म्यावर आलेला लाल दिवा फारसा उतरलेला वाटत नाही, पण तिसऱ्या हिश्श्याखाली गेलेला पांढरा दिवा जाणवतो, आणि मंदपणाच्या वेळी तो पूर्ण विझून लयीत मोठी पोकळी पडते. म्हणून बॅटरीवरच्या आराशीत मी लाल आणि पिवळे एलईडी मिसळतो. झेंडूच्या माळांमागे आणि शेंदरी मूर्तीमागे तो रंग उठूनही दिसतो. पिवळसर पांढरा एलईडी घेऊन ही बचत होत नाही. तो दिसायला पिवळा असला तरी आत निळा एलईडीच असतो आणि त्यालाही ३ व्होल्टच लागतात.

या मापांवर चार लाल दिव्यांचा सरासरी प्रवाह तीसएक मिलिअँपिअर येतो. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास धरले, तर सहा अल्कलाइन सेलांचा डबा अनंत चतुर्दशीपर्यंत पोहोचतो. अखेरच्या दोन दिवसांत उजेड उतरलेला असेल इतकेच. चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरायचे असतील तर त्यांचे सहा मिळून सुरुवातीपासूनच ७.२ व्होल्ट भरतात, त्यामुळे तिथे पांढऱ्या एलईडीचा विचारच सोडावा आणि लाल एलईडीचा रेझिस्टर ८२ ओहम करावा. या सेलांचा आतला रोध अत्यंत कमी असल्याने दोन तारा एकमेकींना लागल्या तर त्या तापून लाल होऊ शकतात. डब्याच्या लाल तारेत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घालायला विसरू नये. कागदी मखराशेजारी संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल तर कुणीही ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुष्कळ जण हल्ली ही झंझट टाळण्यासाठी मोबाइलची पॉवर बँक जोडतात आणि दिवे थोड्याच वेळात आपोआप बंद पडतात. पॉवर बँक बिघडलेली नसते. अनेक पॉवर बँका प्रवाह फार कमी दिसला की मोबाइल काढून घेतला असे समजून स्वतः बंद होतात, आणि आपले तीस मिलिअँपिअर त्यांच्या हिशेबात काहीच नसतात. तीन पेन्सिल सेलांवर एनई ५५५ चालवण्याचा प्रयत्नही असाच फसतो. त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि तीन सेल तेवढे फक्त ताजे असतानाच देतात.

ज्यांना प्रोग्रामिंग येते त्यांनी तीन पेन्सिल सेलांवर एटीटायनी ८५ हा मायक्रोकंट्रोलर वापरावा. उजेड झपाट्याच्या चालू-बंदने बदलत असल्याने ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज वाचते, आणि डोळ्याला जी चढण एकसारखी वाटते ती आकड्यांच्या तक्त्याने नेमकी देता येते. पण बॅटरीचा जुना दोष इथे वेगळ्या रूपात भेटतो. या चिपमध्ये पुरवठा ठरावीक पातळीखाली गेला की चिप रीसेट करणारी एक सोय असते आणि ती पातळी १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट अशी निवडता येते. ती चुकून ४.३ वर ठेवली गेली की दुसऱ्या दिवशी दिवे उजळता उजळता एकदम विझतात, पुन्हा तळापासून उजळू लागतात आणि त्याच ठिकाणी पुन्हा विझतात. हा प्रकार दिसला तर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नये. ती पातळी २.७ वर आणावी आणि पिन ८ व पिन ४ यांच्या लगत सिरॅमिक कपॅसिटर आहे की नाही ते पाहावे.

बॅटरीपासून आयसीपर्यंतच्या वाटेत हरवलेल्या त्या ०.३ व्होल्टचा माग काढायचा राहिला. मीटरचे लाल टोक सेलच्या धन टोकावर आणि काळे टोक पिन ८ वर ठेवून, दिवे तेज असताना, टोक एकेका सांध्यावरून पुढे सरकवत न्यावे. ज्या सांध्यावर आकडा अचानक बदलतो तो सांधा दोषी. मग ऋण बाजूचेही तसेच. त्या मुलाच्या सर्किटमध्ये बॅटरीच्या टोपीचे एक बटण सैल झाले होते आणि ब्रेडबोर्डच्या एका भोकातली पट्टी ताणली गेली होती. बटण पकडीने किंचित आवळले, तार शेजारच्या भोकात लावली, आणि ०.३ चे ०.०५ झाले. दहा दिवस चालवायचे सर्किट ब्रेडबोर्डवर ठेवण्यापेक्षा झिरो पीसीबीवर (भोके पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर) सोल्डर करावे. गौरी बसवताना मखर हलते आणि ब्रेडबोर्डमधली तार तेव्हाच निघते.

विसर्जन झाले की त्याच रात्री डब्यातून सेल काढून ठेवावेत. थकलेले अल्कलाइन सेल डब्यातच राहिले तर महिन्या-दोन महिन्यांत त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरते आणि स्प्रिंगांवर पांढरी भुकटी धरते; पुढच्या वर्षी तीच भुकटी नव्या सेलांच्या वाटेत आडवी येते. ती धरलीच असेल तर कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसावी, नंतर पाण्याच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळवावी आणि स्प्रिंगेचे टोक बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावे. हात लगेच धुवावेत आणि ती भुकटी डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. स्प्रिंग आतपर्यंत हिरवी पडली असेल तर डबा बदलावा.